घरी नसलेल्याचं ताट

प्राचीन हित्ती भाषेवर वऱ्हाडात अधिकाराने बोलणारा एकच माणूस आहे, आणि त्याचं घरात कोणी ऐकत नाही.

अमरावतीच्या देवरावांचा हित्ती कोश नऊ वर्षं एका शब्दापाशी अडला होता. दोन दिवस अकोल्याला राहून ते घरी परतले, तर त्यांच्या पत्नी भागीरथाबाई पोळ्या लाटत म्हणाल्या, "तो शब्द म्हंजे घरी नसलेल्यासाठी वाढलेलं ताट. लिहून टाका आता."

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच तं! काल जेवताना. कधी नाही ते मायेनं बोलले, दोनदा वरण मागतलं."

"काल मी अकोल्याले होतो."

"असान. पन जेवले पोटभर."

देवरावांनी तो शब्द असलेल्या चौदा ओळी काढल्या. अर्थ चौदाही ठिकाणी चपखल बसला.

कोशात संदर्भ देणं भाग होतं. त्यांनी स्वतःचं नाव घातलं, आणि तारीख कालची.