नवा ॲम्प्लिफायर येतोय

गिटारचा नवा ॲम्प्लिफायर येणार ही बातमी अठ्ठ्याण्णवच्या गणपतीत नाशकात पोचली, आणि आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बहिरूदादाने त्याच संध्याकाळी आपला जुना ॲम्प्लिफायर भजनी मंडळाला देऊन टाकला. पुढचं वर्षभर तो लग्नांच्या स्टेजवर नुसताच बोटं चालवत उभा राहिला. त्याची गिटार कुणालाच ऐकू येत नव्हती. बातम्या मात्र रोज कानावर येत होत्या. अंबडच्या कारखान्यात कामाला असलेला त्याचा साडू म्हणाला, द्राक्षाच्या क्रेटएवढाच आहे. ओझरच्या विमान कारखान्यातून कळलं, पत्रा विमानाचा वापरलाय. आमची गायिका सुवर्णाताई एवढंच म्हणाली, "पण पाहिलाय का कुणी?" दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही.

शेवटी मुंबईहून ॲम्प्लिफायर कंपनीचा माणूस खरोखरच आला. आम्ही त्याला हार घातला, शाल-श्रीफळ दिलं. त्याने गळ्यातला हार न काढताच वही उघडली आणि हळूच विचारलं, "आमच्या साहेबांच्याही कानावर आलंय. नेमका कसा आहे हो तो? आणि येतोय कधी?"

बहिरूदादा ठामपणे म्हणाला, "द्राक्षाच्या क्रेटएवढा. पत्रा विमानाचा. येत्या दिवाळीला."

त्या माणसाने शब्द न् शब्द लिहून घेतला, खाली तारीख टाकली आणि गेला.

बहिरूदादा सुवर्णाताईकडे वळला.

"आता तरी पटलं ना? कंपनीकडे लेखी आहे!"