तोंडातला ससा

शिकारी स्वभावाच्या जिवाला अहिंसा पाळणाऱ्या घरात आश्रय द्यावा का, हा प्रश्न सोपा नव्हे. गळ्यात तुळशीची कंठी घालणाऱ्या नर्मदाबाईंनी नातवंडांसाठी कारवान जातीचा कुत्रा, पवन, घरी आणू दिला, तो एका अटीवर: त्याने जीव घेतला, की त्याची पाठवणी. नैवेद्य होईपर्यंत भाकरीला तोंड न लावण्याची शिस्तही त्यांनीच त्याला लावली. आज ऊसतोडीत शेवटच्या सरीतून ससा उधळला आणि पवन सुटला. बांधावर बसलेल्या नर्मदाबाईंपाशी परतला तेव्हा ससा त्याच्या तोंडात होता. “माय, आते याले धाडनंच पडी,” मुलगा नवनीत हळहळला. “दम धर,” बाई म्हणाल्या. “पवन, सोडी दे बेटा.” त्याने हळूहळू जबडा उघडला. जिवंत ससा केळीच्या बागेत पळाला. पवनची नजर त्याच्यामागे धावली. पाय जागेवरच राहिले. पवनच्या मस्तकावर हात ठेवत नर्मदाबाई पुटपुटल्या, “तो बी सुखी ऱ्हावो, तू बी.”