दोन्ही डोळे सारखे

"हलू नकोस. श्वाससुद्धा हळू घे," कल्पिता म्हणाली आणि चिमट्यात धरलेली बारीक पारदर्शक पट्टी तिनं प्रणालीच्या डाव्या पापणीवर टेकवली.

ही पापणी जन्मापासून अर्धीच उघडायची. प्रणालीला दिसायला काही अडचण नव्हती, अडचण व्हायची ती बघायला येणाऱ्यांना. दोन स्थळं पोहे खाऊन, चहा पिऊन गेली ती गेलीच. आज अकरा वाजता अलिबागकडून तिसरं येणार होतं.

कल्पिता तिची वहिनी. रेवसच्या रस्त्यावर तिचं पार्लर होतं आणि नवऱ्या मुली नटवण्यात पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पट्टी बसली, पापणी उचलली गेली. आता आयलायनर. गोल डोळ्याला रेघ बाहेर ओढायची, जवळजवळच्या डोळ्यांना नाकाकडच्या कोपऱ्यात काळं लावायचं नाही, हे सगळं तिला झोपेतही जमलं असतं. पण इथे एकाच चेहऱ्यावर दोन तऱ्हेचे डोळे होते. उजवा लहान दिसावा म्हणून तिनं त्याला वरून जाड रेघ दिली आणि खाली काजळ भरलं. डाव्याला अगदी बारीक रेघ, मध्यावर किंचित जाड, आणि खालच्या कडेला पांढरी पेन्सिल.

"आणि हे रापलेलं बघ," ती वैतागली. खाडीपलीकडे करंजाला जाणाऱ्या बोटीनं रोज नोकरीला जाताना प्रणाली खाऱ्या वाऱ्यापायी तोंडाला स्कार्फ गुंडाळायची. त्यामुळे डोळ्यांभोवतीचाच भाग तेवढा काळवंडला होता. कल्पितानं तिथे दोनदा फाउंडेशन थापलं.

"वयनी, लग्न झाल्यावर दिसनारच हाय त्यांना," प्रणाली हळूच म्हणाली. "आदीच सांगून टाकूया का?"

"सांग की. म्हनजे हे बी उठून जातील," ठमाबाई, म्हणजे प्रणालीची आई, दारातून कडाडली. "आपनहून मागनी आलीय. तुजं नाव-गाव सांगून. फोटोबी मागितला न्हाय, म्हनजे त्यांना काय ठाव न्हाय. आदी जमू दे."

कल्पिताला हे पटत नव्हतं. पण मागच्या वेळी चार दिवस उपाशी राहिलेली नणंद तिनं पाहिली होती. त्यापेक्षा थोडी लबाडी परवडली, असं तिनं मनाला समजावलं.

"रडू नकोस, खळखळून हसू नकोस. घाम टिपायचा, पुसायचा नाही," तिनं बजावलं आणि आरसा पुढे केला. दोन्ही डोळे सारखे दिसत होते.

मुलगा ऋत्विक आईला घेऊन आला. पाहुणे टेकतात न टेकतात तोच वीज गेली. प्रणालीच्या कपाळावर घाम डवरला आणि कल्पिताच्या तोंडचं पाणी पळालं. तिची नजर पट्टीच्या टोकावरून हलेना.

ऋत्विकनं प्रणालीकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं. "तुमचंच नाव प्रणाली?" त्यानं विचारलं.

"व्हय."

नाव माहीत असून विचारतोय, म्हणजे गडी लाजरा आहे, असं ठमाबाईनं ताडलं आणि ती पदराआड हसली.

"आठच्या बोटीनं जाता ना? मीबी त्याच बोटीला असतो. न्हावा शेव्याला कामाला हाय."

कल्पितानं चमकून ठमाबाईकडे पाहिलं. बोटीचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पन तुमाला कदी बघितल्यासारखं वाटत न्हाय," तो म्हणाला.

कल्पिताचा जीव भांड्यात पडला. प्रणालीनं मान खाली घातली.

"घरात पोर येवडी येकच?" त्यानं विचारलं.

"येकच. लाडाची," ठमाबाई फुशारकीनं म्हणाली. त्यावर त्यानं बशी खाली ठेवली. पोहे अर्धे टाकून, आईला खूण करून उठला. "कलवतो," म्हणाला.

गाडी वळणाआड गेली आणि ठमाबाईनं देवापुढे साखर ठेवली. "सूनबाई, तुज्या हातात जादू हाय गो!" कल्पितानं तेलाचा बोळा घेऊन अलगद पट्टी सोडवली. पापणी खाली उतरली आणि प्रणालीला खरोखरच हायसं वाटलं.

"होकार आला की मी स्वतः जाऊन त्यांना सगळं सांगेन," कल्पिता म्हणाली. ती हे अगदी मनापासून म्हणत होती.

तासाभरात फोन वाजला. ऋत्विकची आई होती. ठमाबाईनं घाईघाईनं स्पीकर लावायला सांगितला.

"बाई, तुमी बरं न्हाय केलं," पलीकडून आवाज आला. "वरीस झालं, माजा पोर त्या पोरीपायी आठची बोट धरतो. स्कार्फातनं नुसते डोलेच बघितलेत त्यानं. डावी पापनी अर्दी मिटलेली, ती त्याच्या मनात बसलीय. बोटवाल्याला नाव इचारून तिलाच मागनी घातली आमी. आनि तुमी तिला आत लपवून भलतीच पोर आमच्यापुढं बसवलीत. असल्या घरात आमाला सोयरीक न्हाय करायची."