राचव्वाचा हात

महानंदाच्या सोलापुरातल्या कडक भाकरीच्या कारखान्यात आठ चुली होत्या. बाकीच्या बायका तासाला चाळीस भाकऱ्या थापायच्या, वयस्कर राचव्वा जेमतेम पंचवीस. महानंदानं तिला चुलीवरून उठवून पॅकिंगला बसवलं.

आठवड्याभरात सगळ्यांच्याच भाकऱ्या चिरू लागल्या. लग्नाची मोठी ऑर्डर हातची गेली. महानंदानं कारण विचारलं, तेव्हा भाकऱ्या थापणारी नीलव्वा म्हणाली, "ताई, आमचं पीठ राचव्वामावशी परत मळून द्यायच्या. त्यातच त्यांचा वेळ जायचा."

महानंदा पॅकिंगच्या खोलीत गेली. "मावशी, मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही भाकऱ्या मोजत होता," राचव्वा पिशवी बांधत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी राचव्वा पिठाच्या परातींपाशी बसली. तिच्या शेजारी, बांगड्या मागे सारून, महानंदा पीठ मळायला शिकत होती.