गल्ली कशानं धरून आहे

"असं नको, काकी. क्रमानं सांगा," नकाशावाला म्हणाला. "काय गेलं तर गल्लीला सगळ्यात आधी जाणवेल, ते पहिलं."

काकींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. याआधी दोघं येऊन गेले होते. रुंद रस्ता काढायचाय, घरं सोडा म्हणत. एकवीस घरांपैकी अकरांनी सही दिली की गल्ली पाडायची, असा नियम. एकाही घरानं दिली नव्हती. दुसऱ्याच्या तर काकींनी हातातला चहाचा कप काढून घेतला होता.

हा वेगळंच बोलत होता. शहराची नवी योजना आहे म्हणे. जुन्या वस्त्या जपायच्या, बळकट करायच्या. त्यासाठी वस्ती कशानं धरून आहे, ते वस्तीलाच विचारायचं.

"इतकी वर्षं हे शहाणपण कुठं झोपलं होतं?" काकी म्हणाल्या. पण सुनेला खुर्ची आणायला सांगितली.

तो वही उघडून बसला.

"पहिला कोपऱ्यावरचा ओटा. संध्याकाळी भाजी निवडायला सगळ्याजणी तिथं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय आणि कुणाच्या डोक्यात काय शिजतंय, दोन्ही कळतं."

"दुसरं?"

"नळ. एकवीस घरांत एक. रोज भांडण. पण जी भांडायला आली नाही ती आजारी आहे, हे दुपारच्या आत कळतं. तिसरा आमचा शिंपी. शिवतो भिकार, बाह्या कधी सारख्या नसतात. पण सगळ्या घरांच्या किल्ल्या त्याच्या खुंटीला."

"आणि हे सगळं गेलं तर?"

"मग मी आहे ना! लिही, चौथी मी."

सून तोंड फिरवून हसली. नकाशावाल्यानं न हसता लिहून घेतलं.

दोन महिन्यांत कामाची माणसं आली. ओटा फोडून तिथं फुलझाडांचा वाफा केला, भोवती लोखंडी कठडा घातला. देखणा दिसायचा. टेकायला मात्र वीतभर जागा नव्हती. बायका आपापल्या घरात भाजी निवडू लागल्या.

"बघ, ओटाच आधी घेतला," काकी सुनेला म्हणाल्या. "माझ्या क्रमानं काम चाललंय. म्हणा आता मला अडाणी!"

मग घरोघरी नळ आले. पोरीबाळींनी हंडे माळ्यावर टाकले. काकींनीही तोटी तीनदा उघडून पाहिली. त्याच महिन्यात पलीकडच्या विधवेला ताप भरला, तो गल्लीला चौथ्या दिवशी कळला.

"भांडायला आली असती तर..." काकी म्हणाल्या.

शिंप्याला योजनेतून नव्या बाजारात काचेच्या दाराचं दुकान मिळालं. जाताना तो दारोदार फिरून किल्ल्या परत देत गेला.

"आता ही ठेवू कुणाकडे?" सुनेनं विचारलं.

"ठेव उशाखाली."

पहिली सही विधवेनं दिली. कुणाला बोलली नाही. सामान गाडीत चढलं तेव्हा काकींना कळलं. पूर्वी कुणी असं केलं असतं तर ओट्यावर त्याची सालटी काढली असती. आता ओटाच नव्हता. मग दुसरं घर गेलं, मग एकदम तीन. वर्ष सरता सरता दहा दारांना कुलपं लागली.

एका दुपारी नकाशावाला पुन्हा आला. हातात तीच वही.

"काकी, योजना तुम्हाला विसरलेली नाही. नव्या वसाहतीत तळमजल्यावर खोली काढून ठेवलीय. पायरी चढायला नको. तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांचं कौतुक पुरे," काकी म्हणाल्या. पण आवाजात धार नव्हती. दारातून त्यांनी कठड्यामागची फुलं पाहिली. "तू सांगितलंस ते केलंस रे बाबा. गल्लीच करंटी निघाली. आण तो कागद."

त्यांना सही येत होती, त्याचा अभिमानही होता. एकेक अक्षर गिरवून त्यांनी ती केली. अकरावी.

त्यानं कागदाची घडी करून खिशात घातली, नमस्कार केला आणि निघून गेला. वही खुर्चीवरच राहिली.

"बघ गं," काकी सुनेला म्हणाल्या, "मला चौथी म्हणून खरंच लिहिलंय का? का नुसती मान डोलावली मेल्यानं?"

सुनेनं पान काढलं. "लिहिलंय. ओटा, नळ, शिंपी, काकी. पहिल्या तिघांपुढं 'झालं' अशी खूण आहे."

"आणि वर ते ठळक काय आहे?"

सुनेनं ते मनात वाचलं. पुन्हा वाचलं.

"वाच की मोठ्यानं! तोंडाला कुलूप लागलं का?"

"'गल्ली रिकामी करण्याचा क्रम.'"