अडकलेलं चित्र

"दिवाळीला कायमचा येणार न्हवं तू?"

विरूपाक्षअप्पांनी विचारलं आणि लॅपटॉपच्या पडद्यावरचा संगमेश जागच्या जागी थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळे खाली. अप्पांनी "हॅलो, हॅलो" करून घर डोक्यावर घेतलं. मग कॉल तुटला. अमेरिकेतल्या पोराशी बोलायचा आणखी एक रविवार वाया गेला.

"अडकलं मेलं परत!" अप्पा कपाटावरच्या राउटरकडे बघून गरजले. "जेवलास का म्हटलं की चालतंय, थंडी पडली का म्हटलं की चालतंय. कामाचं इचारलं की ह्येला मरण येतंय!"

कामाचा प्रश्न तेवढा एकच होता आणि अप्पांचा सगळा जीव त्यात गुंतला होता. गुडघे गेले तरी मंगळवार पेठेतलं भांड्यांचं दुकान त्यांनी लेकासाठी धरून ठेवलं होतं. शेजारचा हंबीरराव ते विकत मागत होता. "आमचा संगमेश येणार हाय," असं अप्पा त्याला छातीठोकपणे सांगायचे. लेकाच्या तोंडून मात्र ते अजून ऐकायचं राहिलं होतं.

शनिवारी संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीचा बाळासो नवा राउटर घेऊन आला. जुना २००५ साली संगमेशनंच जाताना बसवून दिला होता. बाळासोनं त्याच्यावरचं लोकरीचं झाकण उचललं आणि तो हसत सुटला.

"काकू, ह्येला स्वेटर कशाला घातलाय?"

"धूळ बसती की," संगमेशची आई गंगव्वा म्हणाल्या. टीव्ही, मिक्सर, फोन, सगळ्यांना त्यांनी झबली विणली होती. राउटर काय परका होता?

बाळासोनं डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. "तापून तापून आतनं खलास झालंय अप्पा. म्हातारं झालं. अडाप्टर बी पुरता करंट देईना, म्हणून मधीच बंद पडतंय. आनि घेतलं तवा गल्लीत वायफाय तुमचं एकट्याचं हुतं. आता घराघरात झालंय. समद्यांच्या गलक्यात ह्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय?"

"म्हंजे पोराचं उत्तर ह्येनंच खाल्लं म्हण की!" अप्पांना भलताच आनंद झाला. चोर एकदाचा सापडला होता.

नवा राउटर लागेपर्यंत अंधारून आलं. गंगव्वांनी ट्यूबचं बटण दाबलं. उजेड पडताच बाळासोनं हातातला स्क्रूड्रायव्हर काखेत धरला आणि हात जोडले. अप्पांनीही जोडले. दिवेलागणीला दिवा लागला की हात जोडायचे, मग ती समई असो नाहीतर ट्यूब. लहानपणी संगमेश विसरला की गंगव्वांची टपली बसायची. पुढं ते इतकं अंगवळणी पडलं की परीक्षेचा अभ्यास करतानाही पुस्तकातून मान वर न काढता त्याचे हात आपोआप जुळायचे. गंगव्वांना त्याचं फार कौतुक होतं.

रविवारी चित्र लख्ख दिसलं. संगमेशच्या हनुवटीवरची लहानपणीची खूण दिसली. त्याच्यामागं खिडकीत सकाळचं ऊन दिसलं. अप्पा लहान मुलासारखे हरखले. बाळासोच्या तोंडात साखर घातली पाहिजे, असं ते दोनदा म्हणाले. हवापाणी झालं, जेवणखाण झालं. एक अक्षरही तुटलं नाही.

मग अप्पांनी घसा खाकरला.

"आता सपष्ट ऐकू येतंय न्हवं? मग सांग बघू. हंबीररावाला न्हाय म्हणून टाकतो. दिवाळीला कायमचा येतोस न्हवं?"

संगमेश थिजला. तोंड अर्धं उघडं, डोळे खाली.

 अप्पांनी राउटरकडे पाहिलं. सगळे दिवे हिरवेगार होते. "नवं बी गेलं का काय?" म्हणत त्यांनी लॅपटॉपच्या कडेला एक चापट मारली. चित्र ढिम्म हललं नाही.

तेवढ्यात गंगव्वा आतून आल्या. बाहेर अंधारलं होतं. "दिवा लावते गं बाई," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी बटण दाबलं. खोली उजळली. गंगव्वांनी डोळे मिटून हात जोडले. अप्पांचेही हात सवयीनं जुळले.

पडद्यावरच्या अडकलेल्या चित्रात संगमेशचेही हात जुळले.

अप्पा बघतच राहिले.  आपलं काय झालं ते संगमेशच्याही ध्यानात आलं असावं, कारण हात तसेच छातीशी धरून तो पुन्हा पुतळा झाला. मागं खिडकीचा पडदा वाऱ्यानं मजेत हलत होता. इतक्या रविवारांतले त्या म्हाताऱ्या डब्यानं खाल्लेले किती आणि पोटच्या पोरानं किती, अप्पांना काही कळेना. 

"अवं, परत अडकलं व्हय?" गंगव्वांनी मागून विचारलं. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"व्हय," अप्पा म्हणाले. "अडकलंय. तू जा, च्या टाक."

त्या आत जाईपर्यंत ते थांबले. मग लॅपटॉपवर वाकले आणि जन्मात कधी बोलले नव्हते इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"हात खाली घे बाळा. अवघडतील."