शेवटच्या वर्षाची कन्या

सुमनने नातीचा डावा पाय परातीत घेतला आणि तिचा हात थांबला. उजव्यापेक्षा तो जाड होता, गरम होता. पोटरीवर अंगठा टेकला तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"दुखते, आजी," दिपाली हळूच म्हणाली.

"बस उगी. आटोपलंच आता."

रामाकोना गावातल्या त्या घरात अष्टमीचं कन्यापूजन चाललं होतं. गल्लीतल्या लहान मुली भिंतीशी पाटांवर बसल्या होत्या आणि मधोमध बारा वर्षांची दिपाली. तिचा बाप प्रफुल्ल अपघातातून उठला, तेव्हा सुमनने देवीला नवस बोलला होता की पाच वर्षं घरचीच कन्या बसवीन. हे शेवटचं वर्ष. कन्या म्हणजे न्हाण न आलेली पोर, हे गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

"नात लई भरली यंदा, सुमनबाई," शेजारची वंदना म्हणाली. "पुढच्या साली पाटावर नाही, बोहल्यावरच बसवा लागन हिले."

बाया हसल्या. सुमन हसली नाही.

श्रावणात दिपालीच्या फ्रॉकवर डाग पडला, तो फक्त सुमनने पाहिला होता. फ्रॉक तिने स्वतः धुतला, पोरीला शपथ घातली आणि मेडिकलमधून पाळी अडवायच्या गोळ्या आणल्या. सून महालक्ष्म्यांच्या सणात घ्यायची त्याच. कोणासाठी, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा ती सुनेसाठी म्हणाली. सून सणापुरत्या घ्यायची. दिपाली तेव्हापासून रोज घेत होती, ताकदीची गोळी म्हणून.

सुमनने पाय पुसले, कुंकू लावलं. उजव्या पायात पैंजण बसलं. डाव्याची कडी लागेना.

तेवढ्यात दिपालीचे खांदे वरखाली होऊ लागले. कपाळावर घाम आला. तिने छाती दाबून धरली.

"आजी, दम लागून राहिला."

"आली!" वंदना ओरडली. "माय आली अंगात!"

कोणी घंटा घेतली, कोणी थाळी. बाया गुडघ्यांवर पुढे सरकल्या. सुजलेला पाय एकीच्या कपाळावरून दुसरीच्या कपाळाला लागू लागला.

दिपालीची आई अमिता पुऱ्या तळता तळता झारा घेऊनच बाहेर आली. "काय झालं हिले? ओठ निळे काऊन पडले?"

सुमनने तिचा पदर ओढला. "तुया महालक्ष्म्यांच्या गोळ्या... मी देत होती हिले. श्रावणापासून."

"कोन्त्या गोळ्या?" मग अमिताला कळलं. झारा खाली पडला. "आई, हार्मोनच्या हायेत त्या! डॉक्टरीणबाईनं मले बजावलं होतं, पाय सुजला तर घडीभर थांबू नको. पायात रक्त गोठते, मंग ते छातीत चढते."

"नवस होता वं..."

"लेकरू हाय ते!"

तिने दिपालीला उचललं. पोरीची मान तिच्या खांद्यावर पडली. बायांनी वाट दिली नाही.

"पाटावरून काढू नको वं, कोप होईन!" वंदनाने तिची साडी धरली.

"सोडा तिले!" सुमन ओरडली. "देवी नाही ते, देवी नाही!"

थाळ्यांच्या आवाजात तिचं कोणाला ऐकू गेलं नाही.

साडी फाडून घेत अमिता दारापर्यंत पोचली. गाडीची किल्ली प्रफुल्लच्या खिशात होती. तो उंबऱ्यातच आडवा झाला होता, हात पुढे लांब करून, कपाळ जमिनीला लावून.

"अहो उठा! सौंसरच्या दवाखान्यात न्या हिले, उठा ना!"

प्रफुल्लने मान वर केली नाही.

"तुनंच जीव देला, माय," तो पुटपुटत होता. "तुले पायजे ते घेऊन जाय."